एक्स अक्ष घसरतो, ड्रायव्हर जळतो: बोर्ड बदलण्याआधी काय तपासायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिवाजी उद्यमनगरात फौंड्रीसाठी पॅटर्न (वाळूत साचा उठवायचे नमुने) करता. थ्रीडी प्रिंटर २४ व्होल्टचा, बोर्डावर खोचायचे ए४९८८ ड्रायव्हर (मोटरला करंट देणारी चिप बसवलेल्या छोट्या पट्ट्या). पीएलए प्लास्टिकचे जॉब व्यवस्थित निघतात, पण एबीएस हे दुसरं प्लास्टिक लावलं की तास-दीड तासानं एक्स अक्ष (छापणाऱ्या डोक्याची आडवी चाल) घसरतो आणि वरचा सगळा भाग सरकलेला निघतो. ड्रायव्हरवरचा स्क्रू फिरवून करंट वाढवला, तर उलट लवकर घसरायला लागला. नवा ड्रायव्हर घातला, त्याचंही तेच. शेवटी जास्त ताकदीचा म्हणून डीआरव्ही८८२५ आणून बसवला, तर चालू करताच धूर. आता दुकानदार म्हणतोय, बोर्डच बदला. बदलू का?

आज तरी नको. तुमच्या सांगण्यात दोन वेगळे बिघाड एकात एक मिसळलेत. घसरण हे उष्णतेचं काम दिसतंय आणि धूर बहुतेक ड्रायव्हर उलटा बसल्यामुळं. नवा बोर्ड आणला तरी पहिलं कारण जागेवरच राहणार, म्हणजे महिन्याभरात पुन्हा हाच प्रश्न.

सगळ्यात कामाची खूण तुम्ही स्वतःच दिलीय: पीएलएला चालतो, एबीएसला घसरतो. मोटर तीच, बेल्ट तोच, ड्रायव्हरही तोच. मग बदलतं काय? एक म्हणजे एबीएस तडकू नये म्हणून आपण प्रिंटर चारी बाजूंनी बंद करतो. बोर्ड त्या पेटीच्या आतच असेल तर बेडची सगळी गरमी त्याच्या उरावर. दुसरी गोष्ट पटकन लक्षात येत नाही. काही स्वस्त प्रिंटरांत बोर्डावरचा पंखा हा जॉब थंड करणाऱ्या पंख्याच्याच लाइनवर जोडलेला असतो. पीएलएला तो पंखा पूर्ण चालतो, म्हणून बोर्डही थंड राहतो. एबीएसला स्लायसरमध्ये (मॉडेलचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) तो पंखा आपण बंद ठेवतो आणि त्याबरोबर बोर्डाचाही बंद पडतो. एबीएसचा जॉब चालू असताना खालचं झाकण उघडून बघा, पंखा फिरतोय का. फिरत नसेल तर तो तिथून काढून कायम चालू राहील अशा २४ व्होल्टच्या लाइनवर घ्या. पंख्यावर व्होल्टेज वाचून मगच जोडा, १२ व्होल्टचा पंखा २४ वर टिकणार नाही. आणि बोर्ड पेटीच्या बाहेर काढा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये काय तापतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता तापल्यावर होतं काय ते बघा. ए४९८८ च्या चिपमध्ये स्वतःला वाचवायची सोय असते. आतलं तापमान साधारण १६५ अंशांवर गेलं की ती मोटरचा पुरवठा तोडते, आणि तिथून साधारण १५ अंशांनी खाली उतरलं की परत सुरू करते. विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरचा ओव्हरलोड असतो तसंच हे, फक्त तो ट्रिप झाला की माणसाला जाऊन बटण दाबावं लागतं, हा मात्र आपोआप परत चालू होतो. त्यामुळं बघणाऱ्याला काही कळत नाही. मधल्या क्षणात बोर्डानं पाठवलेले स्टेप (मोटरला एकेक पाऊल फिरवायचे इशारे) वाया गेलेले असतात. बोर्डाला हे कळायची काही सोय नसते, कारण साध्या स्टेपर मोटरला एन्कोडर (जागा सांगणारा सेन्सर) नसतो. डोकं आपल्या हिशेबाप्रमाणं बरोबर जागी आहे असं धरून तो पुढचे थर टाकत राहतो. म्हणून घसरलेला जॉब पुढं अगदी नीट, पण सरकलेल्या जागी छापला जातो.

यात तुम्ही करंट वाढवलात म्हणजे आगीत तेल ओतलं. अक्ष घसरला की ताकद कमी पडतेय असं वाटणं साहजिक आहे. पण करंट वाढला की चिपमधली गरमी करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे दीडपट करंटला सव्वादोनपट गरमी. ए४९८८ च्या कागदावर २ अँपिअर लिहिलेलं असतं. पंख्याशिवाय त्या छोट्या पट्टीनं सलग १ अँपिअरच्या आसपास दिलं तरी पुष्कळ.

इथं व्हीरेफचा हिशेब नीट समजून घ्या, कारण निम्मे घोटाळे इथंच होतात. ड्रायव्हरवरचा तो बारीक स्क्रू एक व्होल्टेज ठरवतो, ते व्हीरेफ. ए४९८८ साठी हिशेब असा: व्हीरेफ = करंट × ८ × सेन्स रेझिस्टर. हे सेन्स रेझिस्टर म्हणजे चिपशेजारचे दोन काळे चौकोनी तुकडे. त्यांच्यावर आर१००, आर०६८ किंवा आर०५० असं कोरलेलं असतं, म्हणजे ०.१, ०.०६८ किंवा ०.०५ ओहम. १ अँपिअर हवा असेल तर आर१०० वाल्याला ०.८ व्होल्ट, आर०६८ वाल्याला साधारण ०.५४ आणि आर०५० वाल्याला ०.४. नेटवरच्या व्हिडिओत सरसकट ०.८ सांगतात. तुमच्या ड्रायव्हरवर आर०५० असेल आणि तुम्ही ०.८ लावलं, तर करंट झाला २ अँपिअर. तिथंच ट्रिप होणार. एकाच रंगाच्या, एकाच पाकिटातल्या दोन पट्ट्यांवर वेगळे रेझिस्टर निघू शकतात, म्हणून प्रत्येक पट्टी भिंगाखाली धरून वाचायची. मोबाइलचा कॅमेरा झूम करूनही वाचता येतं.

मोजायचं असं. मोटरचा प्लग आधी, वीज बंद असतानाच, काढून ठेवा. मग वीज चालू करून मल्टीमीटर डीसी २ व्होल्टच्या घरात. काळी सुई सप्लायच्या उणे टोकाला, लाल सुई त्या स्क्रूच्या धातूच्या डोक्यावर. क्लिपची वायर असेल तर लाल टोक सरळ स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याला अडकवा, म्हणजे फिरवता फिरवता आकडा दिसतो. स्क्रूड्रायव्हर सिरॅमिकचा मिळाला तर हात घसरला तरी धोका नाही, पण मग लाल सुई वेगळी टेकवावी लागते. लोखंडी टोक घसरून शेजारच्या पिनेला टेकलं की ड्रायव्हर गेलाच. स्क्रू अगदी थोडा फिरवायचा, आठवा हिस्सा फेराही पुष्कळ असतो. मोटरच्या प्लेटवर १.५ अँपिअर लिहिलंय म्हणून तेवढा द्यायला हवा असं नाही. तुमच्यासारख्या मशीनला ०.९ ते १ मध्ये एक्स अक्ष सुखानं चालतो. मोटर हाताला कोमट लागली तर काही बिघडत नाही, पण मोटरचा माउंट पीएलएमध्ये छापलेला असेल तर तो ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो, आणि बेल्ट ढिला झाला म्हणून आपण भलतीकडंच शोधत बसतो.

हीट सिंकबद्दल एक बाजूचं. ए४९८८ ची गरमी मुख्यतः चिपच्या पोटातून खाली पट्टीच्या तांब्यात जाते. वर चिकटवलेला ॲल्युमिनियमचा तुकडा लावू नये असं नाही, पण खरं काम वारा करतो, तोही पट्टीच्या दोन्ही बाजूंनी. चिकटपट्टी मऊ होऊन तो तुकडा तिरका सरकला आणि सेन्स रेझिस्टरच्या किंवा पिनांच्या सोल्डरला टेकला, तर त्याच्यापायीच ड्रायव्हर जातो. तुकडा मापाचा घ्या आणि मधोमध दाबून बसवा.

आता धूर. ए४९८८ आणि डीआरव्ही८८२५ खोचायच्या पिनांना एकमेकांशी जुळतात, पण करंटचा स्क्रू दोघांवर विरुद्ध टोकाला असतो. जुना काढताना माणूस स्क्रू कुठल्या बाजूला होता ते लक्षात ठेवतो आणि नवा त्याच बाजूला स्क्रू करून बसवतो. बसला उलटा. मग बोर्डाचे २४ व्होल्ट सरळ ड्रायव्हरच्या दिशा ठरवणाऱ्या लॉजिक पिनेवर येतात, जिला ५ व्होल्टची सवय. धूर यायला मग किती वेळ लागणार? स्क्रूकडं बघूच नका. पट्टीच्या मागं पिनांची नावं छापलेली असतात. त्यातली एनेबलची पिन आणि बोर्डावर एनेबल लिहिलेली जागा जुळवा, आणि समोरच्या कोपऱ्यात व्हीमोट (मोटरच्या २४ व्होल्टची) पिन आली का ते पुन्हा बघा. मगच दाबा.

उलट्या ड्रायव्हरनं बोर्डालाही चटका दिला असण्याची शक्यता आहे, म्हणून त्या जागी लगेच दुसरा खोचू नका. जागा रिकामी ठेवून बोर्ड चालू करा. ५ व्होल्टच्या लाइनवर बरोबर ५ येतात का मोजा, स्क्रीन येते का, तापमान नीट दाखवते का, वाय आणि झेड हलतात का. मग स्क्रीनवरून एक्सला पुढं-मागं हलवायचा हुकूम द्या आणि रिकाम्या जागेतल्या दिशेच्या पिनेवर मीटर धरा. हुकूम पुढचा की मागचा यानुसार तिथं व्होल्टेज वर किंवा शून्याला जायला हवं. तसं झालं तर त्या लाइनवर बोर्ड शाबूत आहे. तिथं काहीच हललं नाही, तर मात्र कंट्रोलरचा तो पाय गेला. बोर्डावर दुसऱ्या एक्स्ट्रूडरसाठी (प्लास्टिक ढकलणाऱ्या मोटरसाठी) जागा रिकामी असेल तर फर्मवेअरमध्ये (बोर्डातल्या प्रोग्राममध्ये) एक्सला त्या जागेवर नेता येतं आणि बोर्ड वाचतो. दुकानदार हे सांगणार नाही, त्याचाही धंदा आहे.

जुने काढून ठेवलेले ए४९८८ फेकले नसतील तर बरं. त्यातला एखादा नुसता तापत होता, मेलेला नव्हता, असं निघू शकतं. पट्टी हातात घेऊन मल्टीमीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. लाल सुई ग्राउंडवर, काळी एकेक करून मोटरच्या चार पिनांवर. चारही ठिकाणी जवळपास सारखा आकडा आला तर बाहेर जाणारा भाग ठीक. एखादीवर शून्य आलं किंवा बझर वाजला, तर आतला मॉसफेट (मोटरचा करंट चालू-बंद करणारा भाग) शॉर्ट आहे, ती पट्टी कचऱ्यात टाका. पुन्हा बोर्डात घालून बघायचा मोह नको.

त्याहून सोपी चाचणी म्हणजे अदलाबदल. एक्स आणि वायचे ड्रायव्हर आपसात बदला. बिघाड वायकडं गेला तर दोष ड्रायव्हरमध्ये, एक्सलाच राहिला तर वायर, मोटर किंवा यांत्रिक भागात. ज्यांच्या बोर्डावर ड्रायव्हर सोल्डर केलेले असतात त्यांनी मोटरचे प्लग आपसात बदलायचे आणि स्क्रीनवरून ५-१० मिलिमीटर हलवून बघायचं. अशा वेळी होमिंग (अक्ष कडेच्या स्विचपर्यंत नेऊन शून्याची जागा धरणं) करू नका, कारण एक्सला म्हटलं की वाय पळणार आणि एक्सचा स्विच दाबला जायची वाट बघत कडेला आदळत राहणार. आणि ही अदलाबदल वीज पूर्ण बंद करून. यूएसबीची वायरही काढायची, सप्लायचा दिवा विझेपर्यंत थांबायचं.

वीज चालू असताना मोटरचा प्लग काढला की ड्रायव्हर जातो, हे बहुतेकांना माहीत असतं. कॉइलमधला करंट अचानक तोडला की ती मोठा व्होल्टेजचा झटका उलटा मारते. पण हाच झटका हात न लावताही बसू शकतो, तो तुटक्या वायरमुळं. एक्सच्या मोटरची वायर मशीन हलताना पुन्हा पुन्हा वाकते. आतली तार तुटते, वरचं आवरण तसंच राहतं, बाहेरून वायर नवी दिसते. डोकं एका विशिष्ट जागी गेलं की जोड सुटतो, पुन्हा जुळतो, आणि प्रत्येक वेळी ड्रायव्हरला थप्पड बसते. ड्रायव्हर एकामागून एक जात असतील तर माझा पहिला संशय इथंच असतो. वीज बंद, प्लग बोर्डाच्या टोकाला काढा, मल्टीमीटर ओहमवर. चार तारांत दोन जोड्या सापडतील, प्रत्येक जोडीत काही ओहम, आणि दोन्ही जोड्यांचा आकडा सारखा. आता सुया तशाच धरून दुसऱ्या माणसाला वायर टोकापासून टोकापर्यंत वाकवत न्यायला सांगा आणि डोकंही हळूहळू या कडेपासून त्या कडेला. आकडा एकदाही उडाला तर वायर बदला. प्लगमधली पिन नुसती दाबून बसवू नका, ती सैल राहते, नवी क्रिम्प करा. एक कॉइल पूर्ण सुटलेली असेल तर मोटर फिरत नाही, जागच्या जागी थरथरते आणि करकरते. तो आवाज ऐकून लोक ड्रायव्हर गेला म्हणतात.

यांत्रिक भाग पटकन सांगतो. बंद मशीनचं डोकं हातानं हळू सरकवा, कुठं जड लागतं का बघा. हळूच, कारण जोरात ओढलं की मोटर जनरेटर होते आणि उलटी वीज बोर्डात जाते, कधी स्क्रीनसुद्धा उजळते. मग मोटरच्या शाफ्टवर आणि पुलीवर मिळून मार्करची एक सरळ रेघ मारा आणि जॉब लावा. जॉब घसरल्यावर रेघ मोडलेली दिसली तर पुली शाफ्टवर फिरतेय, ग्रब स्क्रू शाफ्टच्या चपट्या बाजूवर घेऊन आवळा. रेघ सरळ असेल तर पुली निर्दोष, पुढं शोधा.

डीआरव्ही८८२५ पुन्हा वापरायचा असेल तर तीन गोष्टी ध्यानात ठेवा. त्याचा हिशेब वेगळा, आर१०० असताना करंट व्हीरेफच्या दुप्पट, म्हणजे १ अँपिअरला ०.५ व्होल्ट. त्याला २४ व्होल्टचा पुरवठा असल्याशिवाय व्हीरेफ येतच नाही, नुसत्या यूएसबीवर मोजून शून्य आलं म्हणून घाबरू नका. दुसरं, ड्रायव्हरखालचे तीनही जंपर (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) लावलेले असताना ए४९८८ एका स्टेपचे १६ भाग करतो, हा ३२ करतो, म्हणून डोकं निम्मंच सरकतं. जीटी२ बेल्ट आणि २० दातांच्या पुलीला १६ भागांत मिलिमीटरला ८० स्टेप लागतात, ३२ ला १६० करावे लागतात. तिसरं म्हणजे याला स्टेपचा पल्स कमीत कमी १.९ मायक्रोसेकंदांचा लागतो, ए४९८८ ला १ मायक्रोसेकंद पुरतो. ३२ बिटच्या वेगवान बोर्डावर फर्मवेअरमध्ये ड्रायव्हरचं नाव बदललं नाही तर अधूनमधून स्टेप गळतात आणि जॉब एकाच बाजूला थोडा थोडा तिरका होत जातो. अचानक पायरी पडलीय की सावकाश तिरकं गेलंय, हे बघायची सवय लावा. पायरी म्हणजे बहुतेक ट्रिप, अडथळा किंवा वायर. एकसारखा तिरकेपणा म्हणजे पुली किंवा पल्स.

तुमच्या जागेमुळं आणखी दोन गोष्टी तपासाव्या लागतील. फौंड्रीच्या वाळूत कोळशाची भुकटी असते आणि शेजारी ग्राइंडर चालतो, त्यातली लोखंडी धूळ वीज वाहणारी. बोर्डाचा पंखा तीच ओढून ड्रायव्हरच्या पिनांवर बसवतो, पावसाळ्यात ओल धरली की आणखीच वाईट. बोर्ड बाहेर काढून पेटी करालच, तर पंख्याच्या तोंडाला जाळी लावा आणि महिन्यातून एकदा मऊ ब्रशनं झाडा. कंप्रेसरची हवा मारायची असेल तर आधी पाणी काढून, आणि पंख्याची पाती बोटानं धरून.

दुसरं, सप्लाय. बेड तापत असताना बोर्डाच्या टर्मिनलवर २४ व्होल्ट मोजा, सप्लायच्या टोकाला नव्हे. दोन्हीकडं ठळक फरक आला तर मधला जोड सैल आहे किंवा वायर बारीक आहे. वायरच्या टोकाला सोल्डर लावून स्क्रूखाली दाबलेली असेल तर सोल्डर हळूहळू दबतं आणि जोड ढिला होतो. सोल्डर कापून टाका, लग दाबून बसवा. वेल्डिंग सेट आणि प्रिंटर एकाच लाइनवर ठेवू नका, अर्थिंग तपासून घ्या.

क्रम मी असा धरेन: आधी पंखा आणि पेटी, मग वायर, मग रेझिस्टर वाचून ए४९८८ ला १ अँपिअरच्या आत लावून एक लांब एबीएसचा जॉब. त्यात घसरला नाही तर डीआरव्ही८८२५ ची गरजच नाही.

बोर्ड खरोखरच मेला असेल तर टीएमसी२२०९ ड्रायव्हरवाला घ्या. मोटर जवळजवळ मुकी होते, आणि यूएआरटीनं (बोर्ड आणि ड्रायव्हर बोलायच्या लाइननं) जोडलेला असेल तर करंट स्क्रूनं नाही, एम९०६ या कमांडनं ठरतो. एम१२२ दिलं की ड्रायव्हर किती तापलाय, कॉइल सुटलीय का, शॉर्ट आहे का ते तो स्वतः सांगतो, हा मोठा फायदा. मात्र खोचायचा घेतलात तर ए४९८८ च्या मानानं मोटर उलटी फिरेल, फर्मवेअरमध्ये दिशा बदला. आणि तुमच्याकडं होमिंगचे साधे स्विच आहेत, तेव्हा काही बोर्डांवर त्या ड्रायव्हरची डायगची (खबर देणारी) पिन एंडस्टॉपच्या (त्याच होमिंग स्विचच्या) लाइनला जाऊन मिळते आणि स्विच कायम दाबलेला किंवा कायम सुटलेला दिसतो. ज्या बोर्डावर त्यासाठी जंपर दिलाय तिथं तो काढा, नसेल तर ती पिन खोचण्याआधी वाकवून बाजूला घ्या. होमिंग करायच्या आधी स्विच बोटानं एकदा दाबून आणि एकदा सोडून, दोन्ही वेळा एम११९ ही कमांड द्या आणि उत्तरात स्विचची अवस्था बदलते का ते बघा.